गवयांच्या गद्य भूमिका

मराठी रंगभूमीच्या व्यवहारात ‘गद्य’ हा शब्द वाङ्मयप्रकार सांगण्यासाठी जितका वापरला गेला, तितकाच, किंबहुना अधिक, नटांचा वर्ग सांगण्यासाठी वापरला गेला. शाहूनगरवासी आणि महाराष्ट्र नाटक मंडळी या गद्य मंडळ्या. किर्लोस्कर, गंधर्व, ललितकलादर्श आणि बळवंत या संगीत मंडळ्या. गद्य नटाला गळ्याचा आधार नसे, म्हणून त्याला शब्दांच्या उच्चारावर, विरामांवर आणि मुद्रेवर सर्व प्रयोग तोलून धरावा लागे. संगीत नटाचे भाषण थोडे कच्चे असले तरी पद रंगले की प्रेक्षक ते विसरून जात. बोलपट सुरू झाला तेव्हा हे दोन्ही वर्ग कॅमेऱ्यापुढे एकत्र आले, आणि तेथून पुढे एक प्रश्न निर्माण झाला, ज्याचा विचार आपल्याकडे क्वचितच झाला आहे : ज्याची ओळखच गाण्याने झाली त्या कलावंताला गाणे काढून घेतलेली, म्हणजे गद्य, भूमिका केव्हा आणि कोणत्या कारणाने मिळाली?

चित्रपटांच्या सूचीत ‘कलाकार’ आणि ‘पार्श्वगायक’ असे दोन रकाने असतात. ही विभागणी पार्श्वगायन रूढ झाल्यानंतरची आहे. ती मागे नेऊन १९३२ च्या बोलपटाला लावली, तर अभ्यासकाची दिशाभूल होते. ज्या काळात गाणारा आणि दिसणारा एकच होता, त्या काळात ‘गायकाने अभिनय केला’ हे विधान जवळजवळ निरर्थक ठरते. म्हणून प्रस्तुत विवेचनात एखाद्या गायकाचे नाव श्रेयनामावलीत आहे एवढ्यावर न थांबता, त्याच्या भूमिकेतले गाणे काढले तर मागे काय उरते, हे विचारावयाचे आहे.

या विवेचनाची सुरुवात रत्नागिरी जिल्ह्यापासून करणे सोयीचे आहे. येथे रत्नागिरी म्हणजे १ मे १९८१ रोजी सिंधुदुर्ग वेगळा होण्यापूर्वीचा जुना जिल्हा अभिप्रेत आहे. त्यात १९४८ नंतर सावंतवाडी संस्थानाचा मुलूखही समाविष्ट होता. या किनारपट्टीवर गाणे आणि बोलणे यांची फारकत मुळात झालेलीच नव्हती. दशावतारात राजा किंवा राक्षस पद म्हणतो आणि त्याच दमात पदरचे भाषण करतो. पाठ केलेली संहिता त्याच्याजवळ नसते, मात्र पखवाज आणि झांज यांची लय कानात असते. कीर्तनकाराची गोष्ट याहून बोलकी आहे. पूर्वरंगातले निरूपण संपवून तो आख्यानाला लागला की एकटाच द्रौपदी होतो, दुर्योधन होतो, आणि मधेच अभंग उचलतो. गद्यातून पद्यात आणि पद्यातून गद्यात शिरण्याची ही सवय पुढे चित्रपटाच्या कामी आली.

याच जिल्ह्यातील आडिवऱ्याचे केशवराव दाते हे मात्र शुद्ध गद्य परंपरेचे नट. महाराष्ट्र नाटक मंडळीत त्यांची घडण झाली. उलट, विनायक दामोदर सावरकरांनी रत्नागिरीच्या स्थानबद्धतेत लिहिलेले ‘संन्यस्त खड्ग’ पाहावे. अहिंसा आणि शस्त्र यांवरचा हा वाद. विषय असा की तो गद्य मंडळीकडेच जावा. परंतु १९३१ साली ते बळवंत मंडळीने ‘संगीत’ म्हणून रंगभूमीवर आणले, आणि प्रेक्षकांच्या स्मरणात राहिली ती मास्टर दीनानाथ मंगेशकरांची पदे. तत्त्वचर्चेलाही गळा लागत होता, अशा त्या काळात बोलपट अवतरला.

पण त्याच्याही आधी एक लहानसे प्रकरण आहे. गायकाची पहिली गद्य भूमिका शोधावयाची तर ती बोलपटात शोधून चालणार नाही, ती मूकपटातच सापडावयाची. कारण तेथे गाणे अशक्यच होते. वसंत देसाई यांचा जन्म १९१२ साली सावंतवाडी संस्थानातील सोनवडे या गावी झाला. कुडाळच्या परिसरात, आजोबांच्या कीर्तनाच्या सहवासात त्यांचे बालपण गेले. कोकणातल्या मुलाला नशीब काढावयाचे तर वाटा दोनच : बोटीने मुंबई, किंवा घाट चढून कोल्हापूर. देसाई कोल्हापूरला गेले. तेथे १ जून १९२९ रोजी दामले, फत्तेलाल, शांताराम, धायबर आणि सीतारामपंत कुलकर्णी यांनी प्रभात फिल्म कंपनी स्थापन केली होती. १९३० च्या ‘खुनी खंजर’ या प्रभातच्या मूकपटात देसाई नट म्हणून दिसले. पुढे ज्याने ‘शकुंतला’, ‘झनक झनक पायल बाजे’ आणि ‘दो आँखें बारह हाथ’ यांना संगीत दिले, त्याचा चित्रसृष्टीतील प्रवेश असा निःशब्द झाला.

यात योगायोगाचा भाग कमी आणि त्या वेळच्या कंपनीच्या रचनेचा अधिक आहे. प्रभातमध्ये कामाची वाटणी कडक नव्हती. उमेदवार म्हणून आलेल्या मुलाने पडेल ते करावयाचे, आणि कॅमेऱ्यापुढे उभे राहणे हे त्या पडेल त्या कामांपैकी एक. ध्वनी आल्याबरोबर देसाईंचा गळा उपयोगी पडला, ते ‘अयोध्येचा राजा’मध्ये गायले, आणि मग गोविंदराव टेंबे, मास्टर कृष्णराव व केशवराव भोळे यांच्या हाताखाली ते संगीतरचनेकडे वळले. नटाचा पेशा सुटला. तथापि संगीतकार देसाई यांची पात्राच्या बोलण्याविषयीची जाण पाहिली म्हणजे ती वर्षे वाया गेली असे वाटत नाही. पालगडच्या साने गुरुजींच्या पुस्तकावर आचार्य अत्र्यांनी काढलेला ‘श्यामची आई’ हा चित्रपट राष्ट्रपतींच्या पहिल्या सुवर्णपदकाचा मानकरी ठरला. त्याला देसाईंचेच संगीत होते, आणि तेथे गाणे आईच्या आणि मुलाच्या बोलण्यावर कोठेही कुरघोडी करीत नाही.

‘अयोध्येचा राजा’ हा प्रभातचा पहिला बोलपट १९३२ सालचा. हरिश्चंद्राची भूमिका केली गोविंदराव टेंबे यांनी. टेंबे हे मुळात पेटीवादक आणि ‘मानापमान’च्या चालींचे कर्ते, त्या वेळी त्यांनी पन्नाशी गाठली होती. राजाचे राज्य जाते, बायको-मुलगा विकले जातात, स्वतः डोंबाच्या घरी राबतो, असा हा नायक. नटाची कसोटी पाहणारा. तरीही त्याच्यासाठी निवड झाली ती संगीतज्ञाची, आणि संगीतदिग्दर्शनही त्यांच्याचकडे. त्याच वर्षीच्या ‘माया मच्छिंद्र’मध्ये मच्छिंद्रनाथही तेच. आजच्या वाचकाला ही निवड विचित्र वाटेल. तिचे कारण ध्वनिलेखनाच्या तंत्रात आहे. चित्र आणि ध्वनी एकाच वेळी घ्यावे लागत; गाणाऱ्याने कॅमेऱ्यापुढे उभे राहून, चेहरा सांभाळून, ध्वनिग्राहकाच्या टप्प्यात राहून गावे, आणि वादकांनी दृश्याबाहेर, पडद्याआड किंवा झाडाआड बसून साथ करावी, अशी ती पद्धत. चूक झाली तर सगळा तुकडा पुन्हा. अशा स्थितीत ज्याचा सूर हमखास लागतो असा माणूसच नायक होणार. संगीत नट हा तेव्हा निर्मात्याच्या दृष्टीने फिल्म वाचविण्याचा मार्ग होता. असा माणूस मिळाल्यावर त्याला गद्य भूमिका देणे म्हणजे विहीर खणून दोर न सोडण्यासारखे झाले असते.

या नियमाची किंमत मोठ्या गायकांना मोजावी लागली. बालगंधर्व १९३५ साली प्रभातच्या ‘धर्मात्मा’त संत एकनाथ झाले. चित्रपटाचे मूळचे ‘महात्मा’ हे नाव सेन्सॉरच्या आक्षेपामुळे बदलावे लागले होते. ज्यांनी सारी कारकीर्द स्त्रीभूमिकांत घालविली, त्यांना वयाच्या सत्तेचाळिसाव्या वर्षी पडद्यावर पुरुषवेषात उभे राहावे लागले. रंगभूमीवर त्यांचे भाषण पदात केव्हा मिसळे ते कळत नसे, आणि ‘वन्स मोअर’ मिळाला की पद पुन्हा नव्याने फुले. पडद्यावर गाण्याची लांबी फुटांत मोजलेली. प्रभातबरोबरचा त्यांचा संबंध या एका चित्रपटाबरोबर संपला. दीनानाथांची कथा याहून करुण. सांगलीत बळवंत पिक्चर्सचा व्याप उभारून १९३४ मध्ये ‘कृष्णार्जुन युद्ध’ निघाले, आणि त्या धंद्यात मंडळी खचली ती कायमची.

विष्णुपंत पागनीस यांनाही गळ्यासाठीच घेतले गेले. तेही पूर्वी संगीत रंगभूमीवर स्त्रीभूमिका करीत, आणि नंतर शाळेत संगीत शिकवीत. ‘संत तुकाराम’ (१९३६) हा १९३७ मध्ये व्हेनिसच्या महोत्सवात गौरविला गेला. येथे गाणे भूमिकेत इतके मुरले आहे की ते काढून उरलेले तपासणे अन्यायाचे होईल. परंतु जिजाईच्या तावडीत सापडलेला, काही न बोलता खाली पाहणारा तुकाराम आठवावा. पागनीसांचे गद्य अंग तेथे दिसते.

गद्य आणि संगीत यांची समोरासमोर गाठ पडली ती ‘कुंकू’मध्ये, १९३७ साली. वृद्ध काकासाहेब म्हणजे आडिवऱ्याचे दाते. त्यांच्याशी फसवून लग्न लावून दिलेली नीरा म्हणजे शांता आपटे. आपटे त्या वेळी गायिका म्हणून लोकप्रिय होत्या. संगीत केशवराव भोळे यांचे. आणि भोळ्यांनी या चित्रपटात पार्श्वसंगीत जवळजवळ वर्ज्य केले. जो आवाज ऐकू येतो तो दृश्यातल्याच वस्तूंचा किंवा ग्रामोफोनचा. नीरा गाते, इंग्रजी कवितासुद्धा गाते; पण चित्रपटाचे मर्म तिच्या न गाण्यात आहे. पतीला पती मानण्यास नकार देणारी, सावत्र मुलाला छडीने फोडून काढणारी नीरा ही भूमिका गद्य नटीलाही जड गेली असती. वाद्यमेळ काढून घेतल्यामुळे आपट्यांच्या बोलण्यातील लय उघडी पडली. दुसऱ्या बाजूला दात्यांचा म्हातारा, खोकल्यासुद्धा तालात वाटावा इतक्या नेमक्या विरामांचा. माझ्या मते मराठी चित्रपटात गायिकेच्या गद्य सामर्थ्याचा पहिला निर्विवाद पुरावा हाच. आणि तो एका संगीतदिग्दर्शकाने संगीत आवरते घेतल्यामुळे मिळाला, हे विसरू नये.

दात्यांचा या विषयाशी आणखी एक संबंध येतो. १९४४ साली राजकमलचा ‘भक्तीचा मळा’ त्यांनी दिग्दर्शित केला, आणि त्यात सावता माळी झाले मास्टर कृष्णराव. गद्य परंपरेतला नट दिग्दर्शकाच्या जागी, आणि भास्करबुवा बखल्यांचा शिष्य कॅमेऱ्यापुढे! अर्थात भूमिका संताची, म्हणजे गाण्याची मुभा असलेली. संतपट हा गवयांसाठी जणू राखून ठेवलेला प्रांत होता : भक्ताने गावे यात प्रेक्षकाला नवल वाटत नाही, आणि गवयालाही नाटकी हावभावांची सक्ती होत नाही.

पार्श्वगायन आले आणि ही सर्व गणिते बदलली. १९३५ मध्ये कलकत्त्याच्या न्यू थिएटर्सने ते योजले. मुंबई-पुण्यात रुळावयास आणखी काही वर्षे लागली. त्याचे वर्णन साधारणपणे असे केले जाते की, सुंदर चेहऱ्याच्या पण बेसूर नटांची सोय झाली. ते खरेच आहे. पण उलट बाजूने, गाणाऱ्याला न गाता पडद्यावर दिसणे प्रथमच शक्य झाले. आणि दिसल्याशिवाय गाणेही शक्य झाले. गायकापुढे दोन दारे एकदम उघडली. त्याने कोणते निवडले?

रामचंद्र नरहर चितळकर, म्हणजे पुढचे सी. रामचंद्र, पुण्यात विनायकबुवा पटवर्धनांकडे गाणे शिकून चित्रसृष्टीत आले ते नट होण्यासाठी. १९३५ च्या ‘नागानंद’मध्ये ते नायक होते. चित्रपट पडला, आणि लहानसहान कामे करीत ते पेटीच्या साथीकडे, तेथून संगीतदिग्दर्शनाकडे गेले. ‘अनारकली’चे संगीत आपल्याला एका अपयशी नायकाकडून मिळाले असे म्हटले तर अतिशयोक्ती होणार नाही. ती जुनी हौस पुरती विझली नव्हती. ‘धनंजय’ (१९६६) आणि ‘घरकुल’ (१९७०) या मराठी चित्रपटांत त्यांनी संगीताबरोबर अभिनयही केला.

लता मंगेशकर यांचे प्रकरण मात्र हौसेचे नव्हे. २४ एप्रिल १९४२ रोजी दीनानाथ पुण्यात वारले. थोरली मुलगी बारा वर्षांची, पाठीवर चार भावंडे, आणि बळवंत मंडळीचे केव्हाच विसर्जन झालेले. मास्टर विनायक यांनी या कुटुंबाला हात दिला. ‘पहिली मंगळागौर’ (१९४२) मध्ये लताबाईंना लहान भूमिका आणि गाणे मिळाले. मग विनायकांच्या प्रफुल्ल पिक्चर्समध्ये ‘माझे बाळ’ (१९४३), ‘गजाभाऊ’ (१९४४), आणि नूरजहाँ नायिका असलेले ‘बडी माँ’ (१९४५). भूमिका बहुधा कोणाच्या तरी बहिणीच्या, चार वाक्यांच्या. मासिक पगारावर असलेल्या मुलीने सांगितले ते करावयाचे, गाणे असेल तर गावयाचे, नसेल तर नुसते उभे राहावयाचे. चेहऱ्याला रंग फासणे, दिव्यांचा झोत, दुसऱ्याच्या हुकमाने बोलणे, हे आपल्याला कधीच रुचले नाही, असे त्यांनी पुढे अनेकदा सांगितले. ऑगस्ट १९४७ मध्ये विनायक वारले. त्यानंतर अल्पावधीतच त्यांनी अभिनय सोडला. ‘मजबूर’ (१९४८) आणि ‘महल’ (१९४९) यांनी पुढचा मार्ग ठरविला.

या पाच-सहा वर्षांकडे चरित्रकार संघर्षाचा काळ म्हणून पाहतात आणि पुढे सरकतात. आपल्या विषयाच्या दृष्टीने ती अधिक महत्त्वाची आहेत. ज्या चित्रधंद्याने बापाची नाटक मंडळी गिळली, त्याच धंद्यातल्या गद्य भूमिकांनी मुलांना जगविले. आणि पार्श्वगायनाचे दार उघडताच गायिकेने चेहरा काढून घेतला. हा निर्णय एकीचा असला तरी परिणामाने सर्वांचा ठरला. गायकाने दिसू नये हीच प्रतिष्ठेची रीत झाली. १९५० नंतर मोठा गायक गद्य भूमिकेत दिसणे हा अपवाद झाला तो प्रेक्षकांच्या अरुचीमुळे नव्हे. पडद्यामागची मिळकत आणि मान दोन्ही अधिक झाले म्हणून.

अपवादांपैकी पु. ल. देशपांडे यांचा उल्लेख टाळता येणार नाही, जरी साहित्यिक म्हणून त्यांची कीर्ती या चर्चेला आड येते. पेटीवर हात असलेला हा संगीतकार ‘वंदे मातरम्’ (१९४८) मध्ये रत्नागिरीच्या सुनीताबाईंसह पडद्यावर आला. ‘गुळाचा गणपती’ (१९५३) मध्ये कथा, दिग्दर्शन, संगीत आणि नायक सर्व एकहाती. तरी त्यातला गाजलेला अभंग त्यांनी भीमसेन जोशी यांच्या गळ्यात ठेवला आणि स्वतःकडे भाबड्या नायकाचा विनोद घेतला. पेटीवाल्याला सम कोठे आहे ते ठाऊक असते. विनोदी वाक्य कोठे टाकावयाचे हेही त्याला त्याच कानाने समजते. डॉ. वसंतराव देशपांडे यांची वाट उलटी. भालजी पेंढारकरांच्या ‘कालियामर्दन’ (१९३५) मध्ये बालवयात कृष्ण, मग कित्येक वर्षे लष्करी हिशेबखात्यात कारकुनी, आणि ‘अष्टविनायक’ (१९७९) मध्ये वधूपिता. तेथेही लेकीच्या पाठवणीला त्यांना गाणे दिलेच गेले.

मुंबईचे झाकिर हुसेन यांनी ‘हीट अँड डस्ट’ (१९८३) मध्ये इंदर लाल ही सामान्य गृहस्थाची भूमिका केली. तबला त्या भूमिकेत नव्हता, आणि प्रस्तुत व्याख्येची ती जवळजवळ निर्भेळ उदाहरण आहे. पण सई परांजपे यांच्या ‘साज’मध्ये ते पुन्हा संगीतकाराच्याच भूमिकेत आले. गवयाने गवयाचीच भूमिका करावी हा संकेत गेल्या काही दशकांत अधिक घट्ट झाला आहे. ‘कट्यार काळजात घुसली’ (२०१५) मध्ये शंकर महादेवन पंडितजी झाले. राहुल देशपांडे यांनी ‘मी वसंतराव’ (२०२२) मध्ये आपल्या आजोबांचे संपूर्ण प्रौढ आयुष्य उभे केले; त्यात कारकुनी आहे, उपेक्षा आहे, आईशी बोलणे आहे, म्हणजे गद्याचा भाग थोडका नाही. राष्ट्रीय पुरस्कार मिळाला तो पार्श्वगायनाचा. सूचीतील दोन रकाने येथे पुन्हा आडवे आले : तोंड आणि गळा एकाच माणसाचे असताना त्या गाण्याला ‘पार्श्व’ म्हणावयाचे कसे?

चैतन्य ताम्हाणे यांच्या ‘द डिसायपल’ (२०२०) मध्ये हा पेच निराळ्या रीतीने सुटलेला दिसतो. नायक शरद नेरूळकर झालेले आदित्य मोडक हे तालीम घेतलेले गायक. गुरूच्या भूमिकेतले डॉ. अरुण द्रविड हे किशोरी आमोणकरांचे शिष्य. वरवर पाहता ही गवयांनी केलेली गवयांचीच भूमिका. परंतु शरद हा कमी पडणारा गवई आहे. बैठकीत त्याची तान अर्धवट राहते, गुरू सर्वांदेखत टोकतात, आणि वर्षे जातात तशी उमेद ओसरते. मोडकांना ज्या जागा सहज लागल्या असत्या त्या त्यांनी चुकवावयाच्या, तेही चुकविल्यासारखे न वाटता. शंभर वर्षांपूर्वी संगीत नटाच्या भाषणाला जी सूट मिळे, ती येथे त्याच्या गाण्यालाही उरलेली नाही. गळाच आता गद्य नटाच्या शिस्तीत उभा आहे.